खाशाबांना पद्म का मिळाले नाही, आणि खेळाडूंना ते मिळावे का

दरवर्षी २५ जानेवारीच्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी जाहीर होते, तेव्हा कराड, सातारा, सांगली या पट्ट्यात ती जरा वेगळ्या नजरेने वाचली जाते. १९५२ मध्ये ऑलिंपिक पदक जिंकून आणलेले कराडकडचे मल्ल खाशाबा जाधव यांचे नाव यंदा तरी आले का, हे आधी पाहिले जाते. ते नसते, आणि मग एखाद्या क्रिकेटपटूचे नाव दिसले की वादाला तोंड फुटते. खेळाडूने खेळावे, पैसा आणि नाव दोन्ही मिळवावे, वर देशाचा सन्मान कशाला, असा एक पक्ष असतो. ज्याच्यामुळे परदेशात तिरंगा वर चढला त्याला सन्मान द्यायचा नाही तर कोणाला, असा दुसरा. ऐकत बसले की लक्षात येते की दोघे वेगवेगळ्या सन्मानांविषयी बोलत आहेत. कुस्तीतले किताब, सरकारचे क्रीडा पुरस्कार आणि पद्म किंवा भारतरत्न यांसारखे नागरी सन्मान या तीन गोष्टींचे देणारे वेगळे, निकष वेगळे आणि हेतूही वेगळे आहेत. त्या सुट्या केल्या तर वादाचा बराचसा गुंता आपोआप उलगडतो.

आपल्या भागात सर्वांत लोकमान्य सन्मान सरकारचा नाहीच. गावच्या जत्रेतल्या कुस्ती मैदानाची जाहिरात पाहावी. वर ग्रामदैवताचे चित्र, त्याखाली निकाली कुस्त्यांच्या जंगी मैदानाची घोषणा, मग एक नंबरची जोड, दोन नंबरची जोड, प्रत्येक मल्लाच्या नावाआधी त्याचा किताब, नावाखाली तालमीचे किंवा वस्तादांचे नाव आणि शेजारी इनामाचा आकडा. महाराष्ट्र केसरी, उपमहाराष्ट्र केसरी, डबल महाराष्ट्र केसरी हे शब्द तिथे नावाचाच भाग होऊन जातात. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी झाले (कोल्हापूरकर त्यांना आपलेच मानतात, आणि त्यांच्या तालमीचा हिशेब धरला तर ते खोटेही नाही), तर कवठेपिरानचे मारुती माने १९६४ मध्ये. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत या दोघांनीही सुवर्णपदके मिळवली होती. तरीही गावोगावच्या बोलण्यात त्यांच्या नावाआधी लागते ते ‘हिंदकेसरी’च. १९६१ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरीचे पहिले मानकरी दिनकर दह्यारी सांगलीकडचेच, आणि महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीतच झाली व ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने जिंकली.

हे किताब कुस्तीच्या संघटना स्पर्धा भरवून देतात. ते राज्यसंस्थेने बहाल केलेले नसल्यामुळे संविधानाचा त्यांच्याशी संबंध येत नाही, आणि ते नावाआधी लावायला कोणाची हरकत नाही. शिवाय या किताबांच्या बाबतीत पात्रतेचा प्रश्न सहसा निघत नाही, कारण प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की त्याचे उत्तर मिळालेले असते. सहसा म्हटले ते मुद्दाम. २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून जो गोंधळ झाला, तो पाहता आखाड्यातला निकालही नेहमी निर्विवाद असतो असे म्हणता येत नाही. पण तो वाद निकालाचा होता, सन्मान द्यावा की न द्यावा याचा नव्हता.

दुसरा प्रकार केंद्र सरकारच्या क्रीडा पुरस्कारांचा. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला आणि बॅडमिंटनमधला पहिला अर्जुन मिळाला तो सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकर यांना. खेलरत्न १९९१-९२ पासून दिले जाऊ लागले आणि २०२१ पासून त्याला मेजर ध्यानचंद यांचे नाव आहे. हे पुरस्कार मुख्यतः मागच्या चार वर्षांच्या कामगिरीवर दिले जातात, पदकांना ठरावीक गुण असतात, आणि त्यांच्यासोबत रोख रक्कम असते: अर्जुनला १५ लाख, खेलरत्नला २५ लाख. थोडक्यात, ही कामगिरीची सरकारी पोचपावती आहे. सांगलीची स्मृती मानधना, माण तालुक्यातल्या मोहीची धावपटू ललिता बाबर, सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झालेली साताऱ्याची अदिती स्वामी, पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवणारे आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी, हे सारे अर्जुन विजेते आहेत. यांना तो का मिळाला, असे विचारण्यात अर्थ नाही. खेळासाठीच ठेवलेला पुरस्कार खेळाडूला मिळाला, एवढेच.

या पुरस्कारांबाबत खरी तक्रार आहे ती अर्जाची. खेळाडूने किंवा त्याच्या संघटनेने अर्ज भरला नाही तर नाव समितीपुढे जाईलच याची खात्री नसते. पॅरिसच्या एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदके मिळवणाऱ्या मनू भाकरचे नाव २०२४ च्या खेलरत्नच्या पहिल्या चर्चेत नव्हते. अर्ज भरताना काही राहून गेले असावे, असे तिने स्वतःच सांगितले, आणि नंतर तिला तो पुरस्कार मिळाला. जिच्या बातम्या महिनाभर पहिल्या पानावर होत्या तिची ही कथा असेल, तर खानापूर किंवा खटाव तालुक्यातल्या एखाद्या पॅरा खेळाडूच्या अर्जाचे काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

वाद पेटतो तो तिसऱ्या प्रकारावर, म्हणजे नागरी सन्मानांवर. इंग्रजी अमलात सरकार रावसाहेब, रावबहादूर, सर असे किताब वाटत असे आणि त्यामागे राजनिष्ठेचा हिशेब असे. १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये गेलेल्या भारतीय क्रिकेट संघाचे कर्णधार, विजयनगरमचे महाराजकुमार, त्याच दौऱ्यात ‘सर’ झाले. तीन कसोटींत मिळून त्यांच्या धावा झाल्या ३३. तो किताब क्रिकेटसाठी नव्हता हे खरे, पण किताब कसे आणि कोणाला मिळत, हे समजायला एवढा दाखला पुरेसा आहे. म्हणून स्वतंत्र भारताच्या संविधानातील अनुच्छेद १८ ने लष्करी आणि विद्याविषयक उपाधी वगळता राज्यसंस्थेने कोणालाही किताब देण्यावर बंदी घातली, आणि भारतीय नागरिकाने परदेशी राज्याकडून किताब स्वीकारू नये असेही म्हटले. इंग्लंडमध्ये धावपटू, टेनिसपटू, क्रिकेटपटू रीतसर ‘सर’ होतात, तशी सोय आपल्याकडे नाही ती यामुळे.

मग १९५४ मध्ये सुरू झालेले भारतरत्न आणि पद्म सन्मान हे काय आहेत? हाच प्रश्न न्यायालयात गेला. मधल्या काळात, म्हणजे १९७७ ते १९८० या जनता राजवटीच्या वर्षांत, हे सन्मान सरकारने बंदच ठेवले होते, आणि नव्वदीच्या दशकात खटला चालू असताना ते पुन्हा थांबले. डिसेंबर १९९५ मध्ये बालाजी राघवन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला की हे किताब नाहीत, गुणांची दखल आहे, आणि ती समतेच्या तत्त्वाविरुद्ध जात नाही. अट मात्र स्पष्ट घातली: हा सन्मान नावाआधी किंवा नावानंतर लावायचा नाही. आपल्याकडच्या सत्काराच्या फ्लेक्सवर आणि निमंत्रण पत्रिकांवर ‘पद्मश्री’ हा शब्द नावाआधी ज्या सहजतेने छापला जातो ते पाहता हा निकाल अजून आपल्या छापखान्यांपर्यंत पोचलेला दिसत नाही. ‘हिंदकेसरी’ लावण्याची सवय असलेल्या लोकांना ‘पद्मश्री’ लावण्यात काही चुकते आहे असे वाटत नाही, हेही समजण्यासारखे आहे. पण एक आखाड्यात जिंकलेला किताब आहे आणि दुसरी राष्ट्रपतींच्या सहीची सनद.

पद्म सन्मानात रोख रक्कम नसते. सनद आणि पदक मिळते, रेल्वे किंवा विमान प्रवासात सवलत नाही. म्हणून ‘कोट्यधीश क्रिकेटपटूला सरकारने आणखी का द्यावे’ हा आक्षेप इथे लागू पडत नाही, कारण सरकार त्याला पैशाच्या भाषेत काहीच देत नाही. नावे कोणीही सुचवू शकते. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती ती छाननी करून पंतप्रधान व राष्ट्रपतींकडे पाठवते. एका वर्षी साधारणपणे १२० पेक्षा अधिक सन्मान दिले जात नाहीत. मरणोत्तर आणि परदेशस्थ व्यक्तींचे सन्मान या मोजणीबाहेर असतात. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडले तर सरकारी नोकर नियमानुसार पात्र नसतात, आणि मरणोत्तर सन्मान सहसा देत नाहीत. या शेवटच्या दोन अटी लक्षात ठेवाव्यात, खाशाबांच्या संदर्भात त्या पुन्हा येणार आहेत.

भारतरत्नाची गोष्ट थोडक्यात सांगण्याजोगी आहे. साहित्य, कला, विज्ञान आणि लोकसेवा एवढ्याच क्षेत्रांसाठी तो होता. २०११ मध्ये नियम बदलून मानवी कर्तृत्वाचे कोणतेही क्षेत्र त्यात आणले गेले आणि २०१४ मध्ये सचिन तेंडुलकर हा तो मिळवणारा पहिला खेळाडू ठरला. ध्यानचंद यांना मात्र १९५६ चे पद्मभूषणच राहिले.

आता मूळ प्रश्न. पदक मिळवणे ही देशसेवा आहे का? माझे मत असे की नुसते पदक पुरेसे नाही, आणि खेलरत्न असताना ते पुरेसे मानायची गरजही नाही. एकाच कामगिरीसाठी दोन्हीकडून पुरस्कार दिले तर नागरी सन्मान हे क्रीडा पुरस्कारांचे नुसते वरच्या पायरीचे रूप होऊन बसतात. उत्साहाच्या भरात दिलेल्या सन्मानाचे काय होते, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाला हरवल्यावर तिथे सगळ्या संघाला राष्ट्रीय सन्मान जाहीर झाले. त्या मालिकेत एकच कसोटी खेळून ७ आणि १० धावा करणाऱ्या पॉल कॉलिंगवूडलाही तो मिळाला, आणि पुढे शेन वॉर्नने त्यावरून त्याला मैदानात भरपूर टोचले. दोष कॉलिंगवूडचा नव्हता. आनंदाची लाट ओसरण्याआधी यादी तयार झाली, एवढेच.

नागरी सन्मान खेळाडूला द्यायचा तो त्याच्या खेळामुळे इतरांसाठी काय उघडले, हे पाहून. सांगलीत जन्मलेले विजय हजारे यांना १९६० मध्ये पद्मश्री मिळाली. जसू पटेल यांच्यासह ती मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. स्वतंत्र भारताला पहिला कसोटी विजय त्यांच्याच नेतृत्वाखाली १९५२ मध्ये मद्रासला मिळाला होता. अशा माणसाचा सन्मान एका डावाचा किंवा एका पदकाचा राहत नाही. हाच निकष लावला तर ज्या खेळांना दूरदर्शनवर जागा नाही त्यांतल्या माणसांचा दावा अधिक मोठा ठरतो, कारण तिथे वाट पाडणाऱ्याला प्रायोजक नसतो, प्रेक्षक नसतात आणि बहुधा सरावाला तलाव किंवा मैदानही नसते.

मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातलेच आहे. इस्लामपूर परिसरातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचा अपंग झाला, आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकून आला. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. खेळासाठीचा अर्जुन, जो आधी मिळायला हवा होता, तो जीवनगौरव स्वरूपात जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे पदकानंतर बावन्न वर्षांनी, आणि त्याच वर्षीच्या यादीत आटपाडीचे सचिन खिलारीही होते. एका जिल्ह्यातले दोन पॅरा खेळाडू; एकाला पॅरिसहून आल्यावर काही महिन्यांत दखल मिळाली, दुसऱ्याला वयाची ऐंशी गाठावी लागली. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की व्यवस्था सुधारली हेही दिसते आणि ती आधी कशी होती हेही दिसते. सन्मानाला उशीर झाला की त्याचा उपयोगही घटतो. मिल्खा सिंग यांनी २००१ मध्ये देऊ केलेला अर्जुन नाकारला तो असा पुरस्कार चाळीस वर्षांनी घेण्यात अर्थ नाही म्हणून.

खाशाबांच्या प्रकरणात मात्र उशीर हा शब्दही अपुरा पडतो. तारखा ओळीने मांडल्या तर काय घडले ते कळते. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गोळेश्वरचा हा मल्ल ५७ किलो गटात कांस्यपदक घेऊन परतला तेव्हा शंभरावर बैलगाड्यांनी त्याची मिरवणूक निघाली. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ उजाडावे लागले. पण १९५२ मध्ये पद्म सन्मान अस्तित्वातच नव्हते. ते १९५४ मध्ये आले. १९५५ मध्ये खाशाबा पोलिस खात्यात फौजदार म्हणून लागले, म्हणजे सरकारी नोकर झाले. १९६१ मध्ये अर्जुन सुरू झाला तेव्हा त्यांचा स्पर्धेचा काळ मागे पडला होता. पोलिस खात्यातून निवृत्त झाल्यावर थोड्याच काळात, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, अपघातात त्यांचे निधन झाले आणि मरणोत्तर सन्मान न देण्याचा संकेत आडवा आला. शिवछत्रपती पुरस्कार आणि २००० चा अर्जुन हे दोन्ही मरणोत्तर मिळाले. पद्म नाहीच.

प्रत्येक पुरस्काराच्या नियमात ते थोडक्यासाठी बसले नाहीत, असे यावरून वाटेल, आणि दिल्लीची बाजू घेणारे तसेच सांगतात. ते अर्धे खरे आहे. हॉकीपटू बलबीर सिंग हेही त्याच हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये होते, अंतिम सामन्यात त्यांनी पाच गोल केले होते आणि तेही पंजाब पोलिसांत नोकरीला होते. त्यांना १९५७ मध्ये पद्मश्री मिळाली. ध्यानचंद यांचे पद्मभूषण १९५६ चे, आणि त्यांची ऑलिंपिक सुवर्णे १९२८ ते १९३६ मधली. लष्करात सुभेदार असताना नीरज चोप्रा याला २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे आधीची कामगिरी चालत होती, आणि खेळाडूंच्या बाबतीत सरकारी नोकरीची अट सैल करता येत होती. बलबीर सिंग यांच्यामागे तीन ऑलिंपिक सुवर्णे आणि देशाचा लाडका खेळ होता, तर खाशाबांमागे एक कांस्य आणि तालमीतली माती, हा फरक मान्य. तरी त्यांचे नाव कोणी नेटाने पुढे नेले नाही, हाच निष्कर्ष उरतो.

आज कुटुंबीय आणि इथले लोक मरणोत्तर पद्मची मागणी करतात, तेव्हा अडचण कोणती आहे हे नीट समजले पाहिजे. पद्मच्या नियमांत फार मोठी योग्यता असल्यास मरणोत्तर विचार करण्याची मुभा आहे. पण ती नुकत्याच, साधारण मागच्या वर्षभरात दिवंगत झालेल्यांसाठी वापरण्याची रीत आहे. भारतरत्नाला अशी काळाची अडचण आलेली नाही. डॉ. आंबेडकरांना तो १९९० मध्ये, सरदार पटेलांना १९९१ मध्ये आणि १९४६ मध्ये दिवंगत झालेल्या मदन मोहन मालवीयांना २०१५ मध्ये मिळाला. म्हणजे दीर्घकाळापूर्वी गेलेल्या माणसाला देशाचा सर्वोच्च सन्मान देता येतो, त्याखालचा मात्र देताना हात अडखळतो, अशी ही उलटी स्थिती आहे. मला विचाराल तर सन्मान सुरू होण्यापूर्वीच ज्यांची कामगिरी होऊन गेली अशा खेळाडूंसाठी एकवार अपवाद करून ही खिडकी उघडावी. त्यात बसणारी नावे देशभरात मोजकीच निघतील आणि वर्षाच्या १२० च्या मर्यादेलाही धक्का लागणार नाही.

हयात असलेल्यांसाठी मात्र नियम बदलण्याची वाट पाहायची गरज नाही. पद्मसाठी शिफारस आता ऑनलाइन करता येते, ती कोणताही नागरिक करू शकतो, आणि कामाचे वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायचे असते. सांगली-सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांत अशी वयस्क वस्ताद मंडळी आहेत की ज्यांनी चार-चार पिढ्यांचे मल्ल फीशिवाय घडवले, आणि ज्यांच्या नावाचा कागद कधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पुढे गेला नाही. अशी शिफारस लिहिताना ‘कुस्ती क्षेत्रातील तेजस्वी तारा’ असली विशेषणे घालून शब्द संपवू नयेत. कोणत्या वर्षी तालीम सुरू केली, खुराकाचा खर्च कोणी उचलला, हाताखालचे कोणते मल्ल कोणत्या वर्षी कोणत्या स्पर्धेत उतरले, मुलींना आखाड्यात प्रवेश केव्हा दिला, हे वर्षांसकट लिहावे आणि सोबत वृत्तपत्रांची कात्रणे व प्रमाणपत्रे जोडावीत.